उमलत्या वयातील निराशा आणि सावरण्याचे बळ

मुंबई-नाशिक महामार्गाने ये-जा करणाऱ्या शहरवासीयांना भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव ओळखीचे आहे ते बहुधा दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे महामार्गाच्या दुतर्फा पसरत चाललेली गोदामे आणि दुसरे म्हणजे तेथील विजेचे मोठे उपकेंद्र. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला तेव्हा कळवा-पडघा वाहिनीचे नाव घरोघरी पोहोचले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि हा परिसर राज्याच्या नकाशावर आणखी ठळक झाला. भातशेती, वीटभट्ट्या, आदिवासी पाडे, यंत्रमागाचे शहर आणि अजस्र गोदामे ही सारी एकमेकांना खेटून उभी असलेला हा टापू आहे. येथे मोठी होणारी मुलेमुली अर्ध्या वाटेवर उभी आहेत. आईवडिलांचे जग शेताचे, भट्टीचे वा पाळीच्या नोकरीचे. मुलांच्या हातातील मोबाइलमधले जग मात्र मुंबई-पुण्याचे. या दोन जगांमधील अंतर तोलताना एखाद्या कोवळ्या मनाचा तोल गेला, तर त्याला सावरणारे कोण आहे, हा प्रश्न पडघ्याइतकाच महानगरांच्या वेशीवरील प्रत्येक गावाचा आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयोगटाला किशोरवय म्हणते. संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्या करतात आणि १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. या मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत विद्यार्थी होते १३ हजार ४४. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची संख्या १ हजार ७६४ होती आणि ती कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती.

हे आकडे पोलिसांत नोंद झालेल्या घटनांचे आहेत. बदनामीची भीती आणि पोलीस चौकशीचा धसका यांमुळे अनेक मृत्यू 'अपघाती' म्हणून नोंदवले जातात. तमिळनाडूतील वेल्लोरनजीकच्या ग्रामीण भागात १९९२ ते २००१ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी करण्यात आली, तेव्हा १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये आत्महत्येचे प्रमाण लाखामागे १४८ आणि मुलग्यांमध्ये ५८ इतके आढळले. सरकारी सरासरीच्या तुलनेत ते कितीतरी अधिक होते. २०१२ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील आत्महत्या करणाऱ्या पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ वयोगटातील होते. ज्या वयात आयुष्याची खरी सुरुवात व्हायची, त्याच वयात ते संपवण्याचा विचार सर्वाधिक बळावतो, असे हे विदारक चित्र आहे.

या समस्येची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा परीक्षांच्या निकालापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत सर्व वयोगट मिळून कौटुंबिक समस्या हे कारण ३१.७ टक्के घटनांत नोंदले गेले, आजारपण १८.४ टक्के घटनांत, तर परीक्षेतील अपयश १.२ टक्के घटनांत. विद्यार्थ्यांपुरते पाहिले तर परीक्षेचा वाटा अर्थातच वाढतो, पण तेथेही घरातील कलह, प्रेमसंबंधातील निराशा आणि आजार ही कारणे ठळक आहेत. शिवाय पोलिसांच्या नोंदीतील 'कारण' हा बहुधा शेवटचा आघात असतो. ओझे आधीपासून साचत आलेले असते. निकाल, रागावणे वा भांडण ही त्यावर पडलेली अखेरची काडी ठरते.

या वयाची नाजूक घडण

किशोरवयात मेंदूतील भावनांशी निगडित भाग लवकर प्रबळ होतो, तर परिणामांचा विचार करणारा, आवेग आवरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळे अपमान, विरह वा भीती यांची तीव्रता या वयात पूर्ण ताकदीने जाणवते, परंतु 'हेही दिवस जातील' असे स्वतःला समजावण्याची क्षमता अजून पिकलेली नसते. प्रौढांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट मुलाला सर्वस्व गमावल्यासारखी वाटते, यात नाटक नसते. आत्महत्येचा विचार आणि कृती यांमधील काळ अनेकदा फार थोडा, कधी कधी काही मिनिटांचाच असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्या मिनिटांत कोणी शेजारी असणे वा नसणे यावर एक आयुष्य अवलंबून असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांच्या मांडणीनुसार दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. 'मी कोणाचाच नाही' ही एकाकीपणाची भावना आणि 'मी सर्वांना ओझे आहे' ही निरुपयोगीपणाची भावना. गरीब घरातील मुलांच्या बाबतीत दुसरी भावना विशेष लक्षात घ्यावी लागते. शिकवणीच्या शुल्कासाठी वडिलांनी उसने पैसे घेतलेले असतात, आई दोन घरची कामे जास्त करते, याची जाणीव मुलाला असते. 'तुझ्यासाठी आम्ही एवढे केले' हे वाक्य पालक मायेने बोलतात. कमी गुण मिळवलेल्या मुलाच्या कानी मात्र ते हिशेबासारखे पडते.

जोखीम वाढते कशी?

आत्महत्येचे एकच कारण नसते. अनेक धागे एकत्र येऊन गाठ बसते. पूर्वी केलेला प्रयत्न हा त्यांतील सर्वांत गंभीर इशारा मानला जातो. त्याखेरीज नैराश्यासारखा मानसिक आजार, कुटुंबातील आत्महत्येचा इतिहास, घरातील मारहाण व व्यसन, लैंगिक अत्याचार, शाळेतील छळ व हेटाळणी, अमली पदार्थ, स्वतःच्या लैंगिक ओळखीवरून होणारी कुचंबणा आणि नुकताच झालेला मोठा आघात या बाबी धोका वाढवतात. समाजमाध्यमांनी त्यात नवी भर घातली आहे. पूर्वी शाळेतील अपमान शाळा सुटताच मागे राहत असे. आता तो खिशातील मोबाइलमधून अंथरुणापर्यंत येतो.

महामार्गाकाठच्या गावांत या सर्वसाधारण बाबींना स्थानिक रंग चढतो. जमिनीला भाव आला, काही घरांत पैसा आला, काहींच्या हातून जमीन गेली. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांच्या घरांत अचानक मोठे अंतर पडले. गोदामातील पाळ्यांमुळे आईवडील आणि मुले यांच्या जागेपणाच्या वेळा जुळेनाशा झाल्या. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांची शाळा दरवर्षी हंगामात तुटते. दहावीनंतर भिवंडी, कल्याण वा ठाण्याच्या महाविद्यालयात जाण्याचा खर्च आणि प्रवास परवडला नाही, तर मुलीचे शिक्षण थांबते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. वसतिगृहात वा आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना घराची ऊब लहान वयात दुरावते. यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतःहून आत्महत्येला कारण ठरत नाही; पण आधार देणाऱ्या व्यक्तींची संख्या त्यामुळे कमी होते.

सावरण्याचे बळ: ते येते कोठून?

याच परिस्थितीत वाढणारी असंख्य मुले मात्र खचत नाहीत. काही काळ वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. तुकोबांच्या अभंगातील लव्हाळ्याचा दृष्टांत मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. मानसशास्त्रात या गुणाचा अभ्यास गेली सुमारे पन्नास वर्षे पद्धतशीरपणे होत आहे.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध अभ्यास एमी वर्नर यांचा. हवाई बेटसमूहातील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार, घरातील कलह अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, समंजस आणि आत्मविश्वासू प्रौढ झाली. त्यांच्यात समान काय होते? प्रत्येकाच्या आयुष्यात त्याला विनाअट स्वीकारणारी किमान एक प्रौढ व्यक्ती होती. ती आई किंवा वडीलच असे नाही. कोणाची आजी होती, कोणाची मावशी, कोणाचे शिक्षक, कोणाचे शेजारी. शिवाय या मुलांवर घरातील वा गावातील एखादी जबाबदारी होती आणि ती पार पाडल्याचे समाधानही होते.

मिनेसोटा विद्यापीठातील अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये या गुणाला 'साधीसुधी जादू' म्हटले. सावरण्याचे बळ ही निवडक मुलांना लाभलेली दैवी देणगी नव्हे. प्रेमाचे नाते, थोडे यश, स्वतःवर नियंत्रण ठेवण्याची सवय, अडचणीवर विचार करण्याची क्षमता आणि शाळा-समाजाचा आधार या अगदी सामान्य गोष्टींतून ते घडते. याचा अर्थ असाही होतो की या सामान्य गोष्टी हिरावल्या गेल्या तर कोणतेही मूल कोसळू शकते. म्हणून कोसळलेल्या मुलाला 'मनाने दुबळा' ठरवणे हा अन्याय आहे आणि 'आमच्या वेळी आम्ही किती सोसले' हा दाखला निरुपयोगी. त्या काळी सोसणाऱ्याच्या भोवती भरलेले अंगण होते, याचा विसर पडता कामा नये.

ताणाशी सामना करण्याच्या रीती

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाशी सामना करण्याच्या रीतींची जी विभागणी केली, ती आजही उपयोगी पडते. पहिली रीत प्रश्नाला हात घालण्याची. गणितात गती नसेल तर शिक्षकांना विचारणे, वेळापत्रक बदलणे, फेरपरीक्षेची माहिती घेणे. दुसरी रीत भावनांना वाट देण्याची. मैत्रिणीजवळ रडणे, मैदानावर धावणे, वहीत लिहिणे, भजनात वा ढोलपथकात रमणे, प्रार्थना करणे. या दोहोंखेरीज आणखी एक रीत आढळते, ती टाळण्याची. खोलीत कोंडून घेणे, रात्रभर मोबाइलवर खेळत राहणे, व्यसनाकडे वळणे, स्वतःला इजा करून घेणे. टाळण्याने क्षणभर सुटका होते, पण प्रश्न जागच्या जागी राहतो आणि एकाकीपण वाढते.

कोणती रीत केव्हा वापरावी, हेच खरे कौशल्य. बदलता येण्याजोग्या परिस्थितीत पहिली रीत उपयोगाची; आजीचे निधन, मोडलेली मैत्री, आईवडिलांचे विभक्त होणे अशा न बदलणाऱ्या दुःखात दुसरी. समजा, पडघ्यातील एखादी मुलगी दहावीला गणितात अनुत्तीर्ण झाली. 'मी मूर्ख आहे, माझे सगळे संपले' असे ती म्हणते तेव्हा एका विषयाचा निकाल ती अख्ख्या आयुष्यावर लावत असते. तिला त्या क्षणी उपदेश नको असतो. प्रथम तिचे रडणे कोणीतरी शांतपणे ऐकावे, जेवायला सोबत बसावे, रात्री एकटे सोडू नये. दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी कागदावर पर्याय मांडावेत. फेरपरीक्षा केव्हा, अर्ज कोठे, एखाद-दुसऱ्या विषयात राहिलेल्यांना अकरावीत सशर्त प्रवेशाची सवलत आहे का, आयटीआयचे अभ्यासक्रम कोणते. आधी भावनेला जागा आणि मग प्रश्नाला हात, हा क्रम उलटला की चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही मुलाला झिडकारल्यासारखा वाटतो.

इशारे ओळखा, थेट विचारा

आत्महत्येचा विचार करणारी बहुतेक मुले कोणत्या ना कोणत्या रूपाने ते सूचित करतात. 'मी नसलो तर बरे होईल', 'आता कोणाला त्रास देणार नाही' अशी वाक्ये, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मित्रांपासून तुटणे, झोप व भूक यांत अचानक बदल, अभ्यासात एकाएकी घसरण, बेदरकार वागणे, अंगावरील जखमा लपवण्यासाठी उकाड्यातही लांब बाह्यांचे कपडे घालणे, मृत्यूविषयी सतत बोलणे, लिहिणे वा शोधणे. फार काळ उदास असलेले मूल एकाएकी अगदी शांत झाले, तरी निर्धास्त होऊ नये. मुलग्यांमध्ये नैराश्य पुष्कळदा चिडचिड आणि भांडखोरपणाच्या वेशात येते, म्हणून ते 'बिघडला' या एका शब्दात मोडीत काढले जाते.

असे इशारे दिसल्यास सरळ विचारावे, 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २ हजार ३४२ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वा आत्महत्येचा विचार वाढल्याचे दिसले नाही. उलट आधीच खचलेल्या मुलांना थोडे हलके वाटले. उत्तर 'हो' आले तर घाबरून ओरडू नये, शपथा घालू नयेत, 'आमच्या तोंडाला काळे फासशील' असे म्हणू नये. मुलाला एकटे सोडू नये आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. कारण मदत मिळवायची तर विश्वासातील आणखी एका व्यक्तीला सांगावेच लागते.

याच टप्प्यावर घरातील घातक वस्तू दूर करणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. शेतीची कीटकनाशके, उंदीर मारण्याचे औषध, घरातील उरलेली औषधे कुलपात ठेवावीत किंवा घराबाहेर हलवावीत. 'ज्याला मरायचे आहे तो काही ना काही मार्ग शोधतोच' हे विधान शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. आवेगाचा क्षण टळला की बहुसंख्य माणसे जगण्याकडे वळतात.

शाळेच्या चार भिंतींत

किशोरवयीन मुलांपर्यंत पोहोचण्याचे सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे शाळा. पण शाळेत नेमके काय करावे, याबाबत सदिच्छेपेक्षा पुरावा महत्त्वाचा. युरोपातील दहा देशांतील १६८ शाळांमध्ये ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन पद्धती तपासल्या गेल्या. शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि तज्ज्ञांकरवी विद्यार्थ्यांची चाचणी करणे यांचा फारसा लाभ दिसला नाही. मुलांना स्वतःच्या मनाविषयी बोलायला लावणाऱ्या, छोट्या नाट्यप्रसंगांतून अडचणी सोडवायला शिकवणाऱ्या कार्यक्रमानंतर मात्र वर्षभरात आत्महत्येचे नवे प्रयत्न जवळपास निम्म्याने कमी आढळले.

भारतातील अनुभवही बोलका आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत शालेय वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम राबवला. हाच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांकडे सोपवला होता, तर काही शाळांत खास नेमलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकाकडे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशक असलेल्या शाळांत छळ, हिंसा व नैराश्य यांत लक्षणीय घट झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. याचा दोष शिक्षकांना देता येणार नाही. अभ्यासक्रम, निवडणुका, सर्वेक्षणे आणि पोषण आहार यांच्या ओझ्याखाली दबलेला शिक्षक त्याच हाताने मुलाचे मन कसे उघडणार? शिवाय गुण देणाऱ्या माणसाजवळ मन मोकळे करणे मुलांना अवघडही जाते. दिल्लीतील सरकारी शाळांत याच संस्थेने अडचण निश्चित करणे, पर्याय शोधणे आणि एक पर्याय अमलात आणणे ही तीन पायऱ्यांची पद्धत थोड्या बैठकांत शिकवली. तिचेही उपयुक्त परिणाम दिसले. ही कामे करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, पदवीधर तरुण होते. मनोविकारतज्ज्ञांची वानवा असलेल्या ग्रामीण भागासाठी हा धडा मोलाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संधान बांधावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि गुणांच्या आधारे तुकड्या पाडून मुलांचा पाणउतारा करू नये, असे त्यात म्हटले आहे. शहरातील मोठ्या शाळांना हे अवघड नाही. खरी कसोटी आहे ती जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि आश्रमशाळांची. पद मंजूर नसेल, मानधनाची तरतूद नसेल, तर समुपदेशक कागदावरच राहील.

परीक्षा: दार बंद होऊ नये म्हणून

जानेवारी २०१० मध्ये मुंबई आणि परिसरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर परीक्षापद्धतीवर बरीच चर्चा झाली, काही बदलही झाले. त्यांतील सर्वांत उपयुक्त बदल २०१५ मध्ये झाला. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबायला न लावता निकालानंतर लगेच, जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्याचा निर्णय राज्याने घेतला, जेणेकरून वर्ष वाया जाऊ नये. तमिळनाडूने अशी तत्काळ पुरवणी परीक्षा त्याआधीच सुरू केली होती. चेन्नईत १९८६ पासून आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणाऱ्या 'स्नेहा' संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी या उपायाचे महत्त्व वारंवार अधोरेखित केले आहे. हताशा ही 'आता काही उरले नाही' या भावनेतून जन्मते. पुढची तारीख हातात असली की त्या भावनेला तडा जातो.

मे २०२५ मध्ये लागलेल्या दहावीच्या निकालात राज्यातील उत्तीर्णांचे प्रमाण ९४.१० टक्के होते. आनंदाची ही बाब दुसऱ्या बाजूने पाहण्यासारखी आहे. जेव्हा निम्मी मुले नापास होत तेव्हा नापास होणाऱ्याला सोबत असे. आज शंभरातील सहा जण अनुत्तीर्ण होतात आणि ते सहा जण अधिक एकटे पडतात. शाळेच्या फलकावर गुणवंतांची छायाचित्रे झळकत असताना त्या सहा जणांच्या घरी त्याच संध्याकाळी शिक्षकांनी जाणे, हा बिनखर्चाचा आणि कदाचित सर्वांत परिणामकारक उपाय ठरेल.

कायदा आणि मदतीची वाट

आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्याच्या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णालयात जाणे टाळत वा खोटे कारण सांगत. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड विधानातील ३०९ वे कलम नाही. तेव्हा पालकांनी डॉक्टरांपासून सत्य लपवण्याचे कारण उरलेले नाही. लपवण्यात उपचाराचा बहुमोल वेळ जातो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोहोचत नाहीत, असेही त्या सर्वेक्षणाने दाखवून दिले. पडघ्यासारख्या गावातून ही वाट कशी आहे, ते पाहावे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रेही आहेत. महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. म्हणजे वाट आहे. परंतु रोजंदारी बुडवून, दोन वाहने बदलून, 'वेड्यांच्या इस्पितळात नेले' ही कुजबुज सोसून त्या वाटेवर चालणे किती कुटुंबांना जमते, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच पहिला आधार गावातच मिळायला हवा. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळेतील शिक्षिका यांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळाले, तर पुढचा प्रवास निम्मा होतो.

अंतराचा अडसर दूरध्वनीने काहीसा कमी केला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झालेली आणि आता सरकारी यंत्रणेकडे असलेली १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी अत्याचार, छळ वा संकटाच्या प्रसंगी उपयोगी पडते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर संपर्क साधून थेट जवळचे रुग्णालय गाठावे. हे क्रमांक शाळेच्या फलकावर, वह्यांच्या मागील पानावर आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावर छापणे कठीण नाही.

माध्यमांचे भान

आत्महत्येची बातमी कशी दिली जाते, याचा परिणाम इतर खचलेल्या मनांवर होतो. ठळक मथळे, पद्धतीचे वर्णन, मृत्यूचे उदात्तीकरण यांमुळे अनुकरणाचा धोका वाढतो. व्हिएन्नामध्ये १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी संयम पाळण्यास सुरुवात केल्यावर तेथील भुयारी रेल्वेतील आत्महत्या लक्षणीय घटल्या. उलटपक्षी, संकटातून सावरलेल्यांच्या कथा वाचून धीर मिळतो, असेही ऑस्ट्रियातीलच संशोधनातून २०१० मध्ये दिसून आले. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. आता प्रत्येक मोबाइलधारक स्वतःच वार्ताहर झाला आहे. त्यामुळे गावातील दुर्दैवी घटनेची छायाचित्रे व चिठ्ठ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांनाही हाच संयम लागू होतो.

अशा घटनेनंतर मागे राहिलेली भावंडे, वर्गमित्र आणि पालक यांची विचारपूस करणे विसरले जाते. त्यांच्या मनात दुःखाइतकाच अपराधभाव असतो आणि त्यांची स्वतःची जोखीमही वाढलेली असते. शाळेने त्या वर्गाशी मोकळेपणाने बोलावे, अफवा थांबवाव्यात आणि जवळच्या मित्रांवर काही महिने लक्ष ठेवावे.

राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये जाहीर केले. धोरणे दिल्लीत ठरतात, निकाल न्यायालयात लागतात. मूल मात्र घरात, वर्गात आणि एसटीच्या थांब्यावर एकटे असते. कवाई बेटावरील त्या अभ्यासाने सांगितलेली गोष्ट पडघ्यालाही लागू आहे. प्रत्येक मुलाला किमान एक असे माणूस हवे, ज्याच्याकडे ते कोणत्याही वेळी, कोणताही निकाल हातात घेऊन जाऊ शकेल. आपल्या घरातील, गल्लीतील वा वर्गातील मुलासाठी ते माणूस आपण आहोत का, हे प्रत्येक प्रौढाने स्वतःला विचारावे आणि उत्तर नकारार्थी असेल, तर आजच संध्याकाळी त्या मुलाजवळ दहा मिनिटे बसावे.